आपल्या नालीची पंचवीस वर्षं

संस्थेचा इतिहास कोनशिलेपासून सुरू करायची रीत आहे, आणि या स्मरणिकेत तो तसा आलेलाच आहे. जमीन कशी मिळाली, नोंदणीसाठी चंद्रपूरच्या किती खेपा झाल्या, पहिला गणपती कोणाच्या अंगणात बसला, हे सगळं ज्येष्ठांनी लिहिलंय. माझ्या वाट्याला आला आहे तो जमिनीखालचा इतिहास. पाणी आणि सांडपाणी हा विषय बरीच वर्षं कार्यकारिणीत माझ्याकडे आहे, त्यामुळे कार्यालयाच्या कपाटातल्या चार तक्रारवह्या माझ्याइतक्या निगुतीनं कोणी वाचल्या नसतील. आपल्याकडे पार्किंगवरून भांडणं झाली, मेंटेनन्सवरून झाली, कुत्र्यांवरून तर विचारूच नका. पण वह्यांमध्ये सगळ्यात जास्त नोंदी आहेत त्या नालीच्या.

मोहर्ली म्हटलं की बाहेरच्या माणसाला वाघ आठवतो. नागपूर-पुण्याचे पाहुणे आपल्याकडे आले की गेट किती लांब, सफारीची वेळ कोणती, एवढंच विचारतात. ताडोबा १९५५ पासून राष्ट्रीय उद्यान आहे, १९९५ मध्ये अंधारी अभयारण्यासह व्याघ्र प्रकल्प झाला, हे आपल्या पोरांना पाठ आहे. पण याच गावाच्या अंगाला इरईचं पाणी आहे. चंद्रपूरच्या औष्णिक वीज केंद्रासाठी इरई धरण बांधलं गेलं आणि त्याचं बुडित क्षेत्र इकडे जंगलाच्या कडेपर्यंत पसरलं. तेच पाणी वीज केंद्राला जातं आणि चंद्रपूर शहराच्या नळालाही. २०१० च्या उन्हाळ्यात धरणातला साठा इतका खाली गेला की वीज केंद्राचे संच बंद ठेवावे लागले होते. आपल्यापैकी जे तिथे नोकरीला होते त्यांना ते दिवस आठवत असतील.

आता आपली जागा पाहा. आपण धरणाच्या वरच्या अंगाला आहोत. आपल्या मागच्या कुंपणाबाहेरचा नाला त्याच पाण्याला मिळतो. म्हणजे आपल्या नालीतून जे सुटेल ते वाघही पिणार, आणि चंद्रपुरात राहणारी आपलीच लेकरंसुद्धा. मोठ्या शहरात नाली तुंबली तर वास येतो, माणसं नाकाला रुमाल लावून पुढे जातात. इथे ती चूक फार लवकर कोणाच्या तरी तांब्यात जाते. पुढे जो व्हॉल्व्हचा आणि पाईपचा कंटाळवाणा वाटणारा तपशील आहे, तो या एका कारणासाठी वाचा.

२००० साली संस्था नोंदली गेली. योगायोग असा, की त्याच सुमारास राज्यात संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू झालं होतं. गावोगाव खराटे निघाले होते, आणि ग्रामगीतेत ग्रामशुद्धीचा अध्याय लिहिणाऱ्या तुकडोजी महाराजांच्या या मुलुखात त्याचा उत्साह अधिकच होता. आपल्याकडेही दर रविवारी रस्ते झाडले जायचे. जमिनीखाली मात्र साधी व्यवस्था होती: घरोघरचा संडास आणि मोरी चेंबरला, चेंबरमधून सिमेंटचा पाईप, शेवटी एक सामाईक सेप्टिक टँक आणि पुढे शोषखड्डा. कुठेही एकसुद्धा व्हॉल्व्ह नव्हता. तो नसणं त्या वेळी बरोबरच होतं. नालीला व्हॉल्व्ह लागत नाही, उतार लागतो. सांडपाणी सेकंदाला निदान साठ सेंटिमीटर वेगानं वाहिलं तर सोबतची वाळू-माती खाली बसत नाही, नाली स्वतःलाच धुऊन काढते. हा नियम आजही सगळे अभियंते पाळतात.

एकोणिसाव्या शतकातल्या मुंबईनं हाच धडा फार महागात घेतला. तोवर तिथला मैला हलालखोरांच्या डोक्यावरून जात होता. १८६० नंतर म्युनिसिपालिटीचे कार्यकारी अभियंता हेक्टर टलॉक यांच्यासारखे लोक भुयारी गटारांच्या मागे लागले. विटांची गटारं अंड्याच्या आकाराची बांधायची, निमुळतं टोक खाली, म्हणजे पाणी थोडं असलं तरी ते अरुंद तळातून जोरानं वाहतं, ही युक्ती त्या काळातली. पण मुंबई सपाट. काही भाग तर भरतीच्या पातळीपेक्षाही खाली. उतार देऊन देऊन देणार किती? शेवटी वरळीच्या लव्ह ग्रोव्हला पंप बसवून मैला उचलावा लागला. काही भागांत शोन यांचे हवेच्या दाबावर चालणारे एजेक्टर आले. बिडाची बंद टाकी, एका झडपेतून मैला आत येणार, टाकी भरली की दाबाची हवा सुटणार आणि दुसऱ्या झडपेतून मैला वर ढकलणार. या यंत्राचं सगळं आयुष्य त्या दोन झडपांवर. त्यातली एक जरी चिंधी अडकून अर्धवट उघडी राहिली तर उचललेला मैला परत मागे. उतार संपतो तिथे पंप येतो आणि पंपाच्या मागोमाग व्हॉल्व्ह येतो. आपल्याकडेही तसंच झालं, फक्त सव्वाशे वर्षांनी.

आपल्याकडे उतार नव्हे, जमीन आडवी आली. काळ्या मातीत शोषखड्डा म्हणजे उन्हाळ्यापुरती सोय. मृग बरसला की ती माती फुगते, तिच्या भेगा मिटतात आणि पाणी प्यायचं थांबते. पहिल्या वहीत जुलै-ऑगस्टच्या पानांवर दरवर्षी एकाच अर्थाच्या नोंदी आहेत: शोषखड्डा भरला, पाणी वर आलं, नाल्याकडे वाहून चाललं. एका काकूंनी लिहिलंय, "मागच्या अंगणात तुळस लावली होती, ती आता कुठे ठेवू?" सातव्या वर्षी सभेनं ठरवलं, की खालच्या कोपऱ्यात संकलन विहीर बांधायची, तिथून पंपानं सांडपाणी वरच्या मोकळ्या जागेत न्यायचं, तिथे टाक्यांमध्ये आणि वाळू-गिट्टीच्या झाडं लावलेल्या वाफ्यांत ते शुद्ध करायचं आणि बागेला द्यायचं. नाल्यात जाईल ते फक्त पावसाळ्यातलं जादा शुद्ध केलेलं पाणी. ठराव चांगला होता, आजही त्यात बदल करावासा वाटत नाही.

काम ज्या ठेकेदाराला दिलं होतं त्यानं पंप चांगले घेतले आणि पंपानंतरचं सगळं सामान पिण्याच्या पाण्याचं वापरलं. प्रत्येक पंपाच्या डोक्यावर एक पितळी गेट व्हॉल्व्ह, त्याआधी एक झुलत्या झडपेचा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, आणि पुढे उन्हात उघडा टाकलेला पांढरा पीव्हीसी पाईप. दिसायला सगळं नवं कोरं, चकचकीत. पहिले चार महिने उत्तमही चाललं.

इथे थोडं थांबून व्हॉल्व्ह आतून कसा असतो ते सांगतो, कारण पुढची सगळी भांडणं त्यावरून झाली. गेट व्हॉल्व्हमध्ये पाचरीच्या आकाराची एक पाटी चाक फिरवलं की खाली येते आणि तळाच्या खाचेत घट्ट बसते. स्वच्छ पाण्यात हे झकास चालतं. सांडपाण्यात त्या खाचेत वाळू, भाजीचे देठ, केस जाऊन बसतात. पाटी शेवटपर्यंत खाली जात नाही. माणूस जोर लावतो. जोरानं दांड्याचे आटे जातात, मग चाक नुसतंच गरगर फिरतं आणि व्हॉल्व्ह ना उघडा ना बंद. नॉन-रिटर्नचं दुखणं वेगळं. त्यातली झडप एका पिनेवर झुलते. पंप चालू असताना प्रवाह तिला उचलतो, पंप बंद झाला की पाणी मागे फिरतं आणि तिला आपटून बंद करतं. त्या पिनेला आणि दांडीला पहिली चिंधी अडकली, की दुसरी तिला येऊन मिळते. महिन्याभरात तिथे वेणी तयार होते.

मजा अशी, की हे त्या वस्तूंच्या मानकातच लिहिलेलं आहे. तांब्याच्या मिश्रधातूंच्या गेट आणि चेक व्हॉल्व्हचं भारतीय मानक आयएस ७७८, बिडाच्या स्लूस व्हॉल्व्हचं आयएस १४८४६, झुलत्या झडपेच्या नॉन-रिटर्नचं आयएस ५३१२. तिन्हींच्या नावातच 'वॉटर वर्क्सच्या कामासाठी' असे शब्द आहेत. पाणीपुरवठ्यासाठीच्या वस्तू मैल्यात चालायला हव्यात, असं त्यांनी कधी कबूलच केलेलं नाही. म्हणून दोष वस्तूचा नव्हता. ती जिथे नेऊन बसवली तिथला होता.

दुसऱ्या वहीत रात्रीच्या आवाजाची पहिली तक्रार आहे. रात्री पंप थांबला की धाडकन आवाज यायचा. कोपऱ्यावरच्या घरातल्या आजींना वाटायचं, कोणी गेटवर धडक मारली. एकदा अस्वल आलं अशी बोंब झाली आणि पाच-सहा जण टॉर्च घेऊन बाहेर पडले. अस्वल नव्हतं. पाईपमधल्या पाण्याचा अख्खा खांब मागे फिरायचा, चिंध्यांनी जड झालेली झडप उशिरा बंद व्हायची आणि तो खांब तिच्यावर आदळायचा. याला जलाघात म्हणतात. आवाज ऐकून घाबरायचं कारण नाही, पण प्रत्येक आवाज पाईपच्या सांध्यावर एक हातोडा असतो. पुढच्या वर्षी पाईपचा सांधा सुटला आणि दोन दिवस मैला थेट नाल्याकडे गेला. आपल्या पंचवीस वर्षांतले ते सगळ्यात वाईट दोन दिवस, असं माझं मत आहे. स्मरणिकेत असं लिहू नये, असं काहींचं म्हणणं होतं. पण इतिहास लिहायचा तर तोही लिहिला पाहिजे.

दुरुस्तीचं खरं शहाणपण आलं ते आपल्याच एका सभासदाकडून. ते बल्लारपूरच्या कागद गिरणीतून फिटर म्हणून निवृत्त झालेले. व्हॉल्व्ह उघडून ठेवला होता, त्यातली चिंध्यांची वेणी पाहून ते म्हणाले, "काहून बाप्पा, लगद्याच्या लाईनले कोणी असा वॉल लावते का?" बल्लारपूरची गिरणी १९४५ ची. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलातला बांबू तिथे शिजून लगदा होतो आणि तो पाईपातून एका टाकीतून दुसऱ्या टाकीत जातो. लगदा म्हणजे तंतूच तंतू. साध्या गेट व्हॉल्व्हची खाच त्यानं लगेच भरते. म्हणून जगभरच्या कागद गिरण्यांसाठी वेगळा व्हॉल्व्ह निघाला: पाटीऐवजी पातळ धारदार पोलादी पातं, जे सुरीसारखं तंतू कापत खाली उतरतं, आणि खाली मळ धरून बसेल अशी खोल खाच ठेवलेली नसते. नाईफ गेट. पुढे तोच खाणीतल्या गाळाला, वीज केंद्राच्या राखेच्या लाईनला आणि सांडपाण्याला आला. आपल्या जिल्ह्यात कागद, कोळसा आणि राख तिन्ही आहेत, त्यामुळे या व्हॉल्व्हचा जाणकार शोधायला मुंबईला जायची गरज नव्हती. तो आपल्याच तिसऱ्या गल्लीत राहत होता.

नॉन-रिटर्नच्या जागी गोळ्याचा चेक व्हॉल्व्ह आला. यात पिन नाही, दांडी नाही, झुलणारं काही नाही. रबर चढवलेला एक जड गोळा आहे. पंप सुरू झाला की प्रवाह त्याला ढकलून बाजूच्या खिशात नेतो आणि मैल्याला सगळी वाट मोकळी मिळते. पंप थांबला की गोळा घरंगळत परत तोंडावर येऊन बसतो. दर वेळी थोडा फिरलेला असतो, म्हणून स्वतःलाच पुसूनही घेतो. बसवल्यावर पहिल्या रात्री आजींनी सकाळी विचारलं होतं, "आज मोटर चालली नाही का?" चाललेली होती.

या व्हॉल्व्हचीही एक अट आहे, ती नव्या सभासदांनी लक्षात ठेवावी. मागून पुरेसा दाब असला तरच गोळा तोंडावर घट्ट बसतो. पाईप फारसा वर चढत नसेल तर तो हलकेच गळत राहतो. आपल्याकडे चढ पुरेसा आहे, म्हणून चालतं. शेजारच्या गावात कोणी विचारलं तर "आमच्याकडे आहे म्हणून तुम्हीही लावा" असं सांगू नका, आधी चढ मोजायला सांगा.

मध्यंतरी एक विक्रेता बटरफ्लाय व्हॉल्व्ह घेऊन आला होता. स्वस्त, हलका, पाव फेऱ्यात बंद. पण त्याची तबकडी उघड्या अवस्थेतही प्रवाहाच्या मधोमध उभी असते. म्हणजे चिंध्यांना खुंटी आयती मिळाली. त्याला चहा पाजून परत पाठवलं. एक प्लग व्हॉल्व्ह मात्र मोहात पाडणारा होता, त्यातला तिरका गोळा बाजूला सरकतो आणि वाट मोकळी होते; पण त्याची किंमत ऐकून खजिनदार खुर्चीतून उठलेच.

आता पाईपाकडे येतो. पाईपचा प्रश्न व्हॉल्व्हपेक्षा सोपा वाटतो आणि तसा तो नाही. उन्हात टाकलेल्या त्या पांढऱ्या पीव्हीसीचं काय झालं ते सर्वांनी पाहिलंय. पीव्हीसी पाईपवर जो दाब छापलेला असतो तो २७ अंश तापमानाला धरलेला असतो. चंद्रपूरच्या मे महिन्यात सावलीतच पारा ४६-४७ ला जातो. उघड्यावरचा पाईप त्याहून तापतो. छापलेला आकडा तिथे खोटा ठरतो, आणि वर ऊन त्याला ठिसूळ करतं ते वेगळंच. त्याऐवजी काळा एचडीपीई घेतला, वितळवून जोडलेला. एकही रबरी सांधा नाही, आणि तोही जमिनीत तीन फूट खाली. तीन फूट का, तर रानडुकरं. ओलसर जमीन दिसली की ती रात्रीत नांगर फिरवल्यासारखी उकरतात.

घरांपासून विहिरीपर्यंतचा जुना पाईप सिमेंटचा आहे, आपण सगळे ज्याला ह्यूम पाईप म्हणतो तो. हे ह्यूम म्हणजे ऑस्ट्रेलियातले वॉल्टर ह्यूम. साचा गरगर फिरवून काँक्रीटचा पाईप करायची युक्ती त्यांनी १९१० मध्ये काढली, आणि १९२६ मध्ये वालचंद हिराचंदांनी मुंबईत इंडियन ह्यूम पाईप कंपनी काढली. तेव्हापासून महाराष्ट्राच्या गावागावांत हे नाव सिमेंटच्या पाईपाला चिकटलंय. पावसाच्या पाण्याला याच्यासारखा स्वस्त आणि दणकट पाईप नाही. मैल्याला मात्र त्याचा एक शत्रू आहे. मैला साचून सडला की कुजक्या अंड्यांच्या वासाचा हायड्रोजन सल्फाईड वायू सुटतो. तो पाईपच्या वरच्या कोरड्या भागाला लागतो, तिथल्या ओलाव्यातले जिवाणू त्याचं सल्फ्युरिक ऍसिड करतात आणि काँक्रीट वरून खाली खाऊन काढतात. पाईप तळाला झिजेल असं आपल्याला वाटतं, तो छतातून कोसळतो. हे जिवाणूंचं काम आहे, हे १९४५ मध्ये मेलबर्नच्या सी. डी. पार्कर यांनी दाखवून दिलं. आपल्यातल्या कोळसा खाणीत नोकरी केलेल्या मंडळींना हे नवं नाही. कोळशातल्या गंधकामुळे खाणीतलं पाणी आंबट होतं आणि बिडाच्या पंपाची पाती कशी चाळणी होतात, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

आमच्या पितळी व्हॉल्व्हलाही असंच काहीसं झालं होतं. उघडला तेव्हा आतून काळा पडलेला, आणि कडेला खरवडलं तर पिवळ्याऐवजी गुलाबी, भुसभुशीत धातू. पितळेतलं जस्त निघून गेलं आणि तांब्याचा सांगाडा राहिला. आता व्हॉल्व्हचं अंग चिवट बिडाचं आहे, आतून-बाहेरून इपॉक्सीचा जाड थर दिलेलं. पातं स्टेनलेसचं आहे, पण साधं ३०४ नाही, ३१६. याचं कारण तुम्हीच आहात. संडास धुवायचं ऍसिड दर रविवारी किती घरांतून ओतलं जातं, ते विहिरीवर उभं राहिलं की नाकाला कळतं. त्यातलं क्लोराईड ३०४ ला टोचून टोचून भोकं पाडतं.

रबराचीही अशीच गंमत. बाजारात सर्रास मिळतं ते ईपीडीएम रबर पाण्याला उत्तम, पण तेलात फुगतं. आपल्या मोरीतून जाणारं तेल काही थोडं नाही. सावजी रस्सा आणि वडा-भात खाणाऱ्या मुलुखात नायट्राईल रबरच घ्यावं लागतं. पहिल्या गोळ्याचं रबर फुगून गोळा खिशात अडकला होता, तेव्हापासून ऑर्डरवर रबराचं नाव लिहायची पद्धत आपण पाडली आहे.

एक छोटा व्हॉल्व्ह लाईनच्या सगळ्यात उंच जागी आहे, तो फारसा कोणाला माहीत नाही. तो हवा सोडतो. चढत्या लाईनमध्ये उंचवट्यावर हवा कोंडली की पाईप अर्धा बुजल्यासारखा होतो. पुण्यात नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजहून जे पाणी आणलं, त्या नळावर ठिकठिकाणी दगडी मनोरे आहेत. त्यांना उच्छ्वास म्हणतात. काय सुंदर शब्द आहे. आपल्याकडे या व्हॉल्व्हची नोंद तक्रारवहीत कोणीतरी 'फुसफुस करणारा डबा' अशी केली आहे, तीही चुकीची म्हणता येत नाही. मैल्याच्या लाईनवरचा हा डबा पाण्याच्या लाईनवरच्यापेक्षा उंच असतो, म्हणजे आतल्या तरंगत्या गोळ्याला मैला लागतच नाही, मध्ये हवेची उशी राहते.

२०१३ च्या पावसाळ्यानं आणखी एक दार उघडं असल्याचं दाखवलं. त्या वर्षी चंद्रपुरात इरई आणि झरपटचं पाणी वस्त्यांमध्ये शिरलं, जसं २००६ मध्ये शिरलं होतं. धरणाचे सातही दरवाजे उघडल्याच्या बातम्या आपण वाचत होतो. खालच्या लोकांच्या घरात पुढून पाणी येत होतं, आपल्याकडे ते मागून आलं. बुडित क्षेत्र भरलं, नाला उलटा चढला आणि जादा पाणी सोडायच्या पाईपातून थेट आपल्या टाक्यांत शिरला. टाक्यांतलं सगळं नाल्यात आणि नाल्यातलं सगळं टाक्यांत, असा अदलाबदलीचा कार्यक्रम दीड दिवस चालला. मग त्या तोंडावर लोखंडी झडप लावली, जशी मोठ्या शहरांत भरतीचं पाणी आत येऊ नये म्हणून समुद्राच्या तोंडाशी असते. पुढच्याच वर्षी तिच्या फटीत बांबूची काटकी अडकून ती बोटभर उघडी राहिली. शेवटी रबराची, बदकाच्या चोचीसारखी दिसणारी झडप घेतली. आतून पाणी आलं की चोच उघडते, बाहेरून दाब आला की मिटते, आणि काटकी मध्ये आलीच तर तिच्याभोवतीही मिटते. जुलै २०२२ ला चंद्रपूर पुन्हा पाण्यात होतं आणि आपला नाला पुन्हा उलटा चढला होता. त्या आठवड्याच्या पानावर तक्रारवहीत एकच नोंद आहे, ती रस्त्यावरच्या दिव्याची.

आता या सगळ्यात मला जे सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते. पहिले व्हॉल्व्ह विहिरीच्या आत होते, दहा फूट खाली. एक अडकला की कोणीतरी खाली उतरायचं. कोण उतरायचं, हे सगळ्यांना माहीत होतं आणि कोणी बोलत नव्हतं. ज्या वायूनं काँक्रीट खाल्लं जातं तोच वायू त्या विहिरीत असतो. थोडा असला तर वास येतो, जास्त झाला की नाकाची जाणीवच मरते आणि माणसाला वाटतं, वास गेला, आता उतरायला हरकत नाही. देशात किती माणसं अशी गेली ते वर्तमानपत्रात आपण वाचतोच. २०१३ मध्ये हाताने मैला साफ करण्याला बंदी घालणारा कायदा झाला. सुरक्षेच्या साधनांशिवाय माणसाला गटारात किंवा टाकीत उतरवणं त्यानं गुन्हा ठरवलं. सर्वोच्च न्यायालयानं २०१४ मध्ये अशा मृत्यूंसाठी दहा लाख रुपये भरपाई द्यायला सांगितली आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये ती तीस लाख केली. हा कायदा महापालिकेइतकाच सोसायटीलाही लागू आहे.

त्याच वर्षीच्या सभेत एका सभासदानं विचारलं होतं, की नाईफ गेट पितळी व्हॉल्व्हच्या तिप्पट महाग आहे, तर एवढा खर्च दुरुस्ती निधीतून कशाला? उत्तर एका बाईंनी दिलं, त्या कधी सभेत बोलत नसत. त्या म्हणाल्या, "स्वस्त वॉल लावा, पण अडकला की खाली तुमचा मुलगा उतरेल, असा ठराव करा." ठराव मग महागाच्या बाजूनं एकमतानं झाला. व्हॉल्व्ह विहिरीतून बाहेर काढून शेजारच्या कोरड्या, उथळ चेंबरमध्ये आणले. चेंबरचं झाकण कमरेच्या उंचीवर आहे, उभ्यानं पान्हा लागतो. पंपही आता दांड्यांवरून साखळीनं वर ओढून घेता येतात. तेव्हापासून त्या विहिरीत माणूस उतरलेला नाही. व्हॉल्व्ह कोणता निवडावा, हा प्रश्न कोणी विचारला तर मी आधी हेच विचारतो: बिघडला तर दुरुस्त करायला माणूस कुठे उभा राहील?

चेंबर कुंपणाच्या आतल्या बाजूला, दिव्याखाली घेतला आहे, त्याचं कारण मोहर्लीत राहणाऱ्यांना सांगायला नको. रात्री झुडपांच्या कडेला वाकून काम करणारा माणूस बिबट्याला माणूस वाटतच नाही.

सांडपाण्याकडे पाहायची नजर गेल्या काही वर्षांत सगळीकडेच बदलते आहे. नागपूरच्या भांडेवाडीला शुद्ध केलेलं शहराचं सांडपाणी कोराडीच्या वीज केंद्राला जातं. चंद्रपुरात रामाळा तलावात येणाऱ्या सांडपाण्यासाठी इको-प्रोच्या बंडू धोतरे यांनी २०२१ मध्ये अन्नत्याग केला तेव्हा आपल्यातलेही काही जण तिथे बसायला गेले होते. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी, १८९७ च्या सुमारास, माटुंग्याच्या कुष्ठरोग्यांच्या आश्रमात सेप्टिक टँकमधल्या वायूवर दिवे लावले गेले होते, हे ऐकून आपल्या युवक मंडळानं गॅसचा प्रकल्प मांडलाय. मला स्वतःला आपल्या एवढ्याशा वसाहतीला तो परवडेल असं वाटत नाही, पण त्यांनी हिशोब मांडून आणावा. बागेतली सीताफळं मात्र आपल्याच पाण्यावरची आहेत आणि ती कोणी नाकारलेली माझ्या पाहण्यात नाही.

व्हॉल्व्ह न फिरवता ठेवला की तो जागीच धरतो, मग तो कितीही महागाचा असो. म्हणून दर महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रत्येक व्हॉल्व्ह एकदा पूर्ण बंद करून पुन्हा उघडायचा, अशी पाळी लावलेली आहे. यादी कार्यालयाच्या दारावर आहे आणि त्यात युवक मंडळाची नावं वाढली आहेत, ही चांगली गोष्ट. डंपरमुळे दबलेल्या वळणावरच्या दोन चेंबरांमधला सिमेंटचा जुना पाईप अजून बदलायचा राहिला आहे. कॅमेरा आत घालून पाहिलं तेव्हा त्याचं छत दोन ठिकाणी खडी दिसेपर्यंत खाल्लं गेलेलं होतं. त्याच्या जागी सांडपाण्याचा यूपीव्हीसी घ्यायचा की एचडीपीई, याची दोन अंदाजपत्रकं तयार आहेत. विषय सप्टेंबरच्या वार्षिक सभेत चौथ्या क्रमांकावर आहे. सभा साडेपाचला आहे.